चार तास खाटेवर, उरलेल्या आठवड्याचं काय?

डायलिसिसच्या रुग्णाची फाइल जाडजूड असते. क्रिएटिनिन किती, पोटॅशियम किती, हिमोग्लोबिन किती, दोन डायलिसिसच्या मधे वजन किती वाढलं, सुया लावल्यावर रक्तदाब कुठे गेला, सगळं तिच्यात सापडतं. माणूस घरी गेल्यावर उठून बसतो का, विहिरीपर्यंत चालतो का, याची नोंद मात्र कुठेच नसते. मला ही उणीव मोठी वाटते. 2000 साली अमेरिकेत कर्स्टन जोहान्सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डायलिसिसवरच्या लोकांना हालचाल मोजणारं यंत्र आठवडाभर बांधलं आणि त्यांची तुलना निरोगी, पण व्यायामाच्या वाटेला न जाणाऱ्या माणसांशी केली. त्या बैठ्या माणसांपेक्षाही हे रुग्ण कमी हलत होते. 2003 मध्ये तिथल्याच दुसऱ्या एका अभ्यासात, फावल्या वेळात अजिबात हालचाल न करणाऱ्या डायलिसिस रुग्णांमध्ये वर्षभरात मृत्यूचा धोका 62 टक्क्यांनी जास्त दिसला, तोही वय आणि बाकीचे आजार हिशेबात धरून.

हेच मोजमाप पालघर जिल्ह्यातल्या डहाणू आणि तलासरी तालुक्यांत करायचं ठरलं तर? एकाच बाजूने लिहून भागेना, म्हणून दोन माणसं कल्पिली. एक मावशी, कासा-तलासरीच्या बाजूला आरोग्यसेविका म्हणून आयुष्यभर पाडे पालथे घातलेली, आता निवृत्त. दुसरी तिची भाची, मुंबईत फिजिओथेरपीचं पदव्युत्तर शिक्षण घेणारी आणि प्रबंधाला हाच विषय घेतलेली. दोघी कल्पित आहेत. त्या ज्या तालुक्यांबद्दल आणि ज्या शास्त्राबद्दल बोलतात ते खरं आहे.

भाची : यंत्र एवढंसं आहे गं, काडेपेटीएवढं. लवचीक पट्ट्यात घालून कमरेला उजव्या बाजूला बांधायचं, सात दिवस. आंघोळीला काढायचं, पुन्हा बांधायचं. वर-खाली, पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे, शरीर जिकडे हललं तिकडचा धक्का ते टिपतं. सातपैकी निदान चार दिवस, रोज दहा तास तरी पट्टा अंगावर हवा. त्यात डायलिसिसचे दिवस आले पाहिजेत आणि मधले दिवसही.

मावशी : आणि सात दिवसांनी ते सांगणार काय? माणूस पडून आहे म्हणून. ते मी घरात पाऊल टाकल्या टाकल्या सांगेन.

भाची : तू घरात जाशील तेव्हा ना! डॉक्टरांना खाटच दिसते. आठवड्याचे 168 तास धर. दोनदा डायलिसिस, चार-चार तास. म्हणजे आठ तास माणूस डोळ्यांसमोर. उरलेल्या 160 तासांचं कुणाला काय माहीत आहे?

मावशी : आधी मला हे सांग, दोनदाच का? पुस्तकात तीनदा लिहिलेलं असतं ना?

भाची : तीनदाच असतं. आपल्याकडे बरेच जण दोनदा करतात.

मावशी : मग त्याचं कारण तुझ्या पट्ट्यात येणार आहे का? महात्मा फुले योजनेत डायलिसिसला पैसे पडत नाहीत, कबूल. पण तलासरी गावाला रेल्वे नाही. पाड्यावरून पहाटे निघायचं, डांबरी रस्त्यापर्यंत चालत यायचं, टमटम भरेपर्यंत बसायचं, मग हायवेवर एसटी नाहीतर इको गाडी. कुणी वापी-सिल्वासाच्या बाजूला जातं, कुणी डहाणूरोडला येऊन गाडी पकडून पालघरकडे. नंबर लागेपर्यंत थांबायचं, चार तास मशीन, पाच-दहा मिनिटं सुईची जागा दाबून धरायची, उठलं की चक्कर, पायात गोळे. घरी येईपर्यंत अंधार पडतो. सोबत एक माणूस लागतो, त्याची मजुरी बुडते. तिसऱ्या दिवशी पुन्हा हेच करणार कोण? असा माणूस दुसऱ्या दिवशी पडून राहिला तर तू त्याला आळशी म्हणणार.

भाची : आळशी कोण म्हणतंय! तू आत्ता जे सांगितलंस ना, तेच मला आकड्यात हवंय. डायलिसिसच्या दिवशी पावलं कमी पडतात हे बऱ्याच देशांत दिसलंय. पण आपल्या रुग्णाचा डायलिसिसचा दिवस आणि जपानमधल्या रुग्णाचा दिवस एक नव्हे. तिकडे माणूस यंत्रावरून उठून लवकर घर गाठत असेल. इथला माणूस त्याच दिवशी रस्त्यापर्यंत जाऊन-येऊन सगळ्यात जास्त चालत असेल आणि मधल्या दिवशी मुळीच चालत नसेल. उलटाही आकडा निघू शकतो. मोजल्याशिवाय कसं कळणार?

हा मुद्दा भाचीने सहज जाता जाता मांडला, पण मला तो महत्त्वाचा वाटतो. जपानमधल्या संशोधकांनी डायलिसिस नसलेल्या दिवशी साधारण 4000 पावलं हे उद्दिष्ट सुचवलंय, कारण त्याखाली असणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं. ते उद्दिष्ट उचलून इथे लावताना ही पावलं कशासाठी पडली, हे विचारावंच लागेल. मशीनपर्यंत पोचण्यासाठी घातलेली दोन हजार पावलं आणि चुलत्याच्या घरी जाऊन बसण्यासाठी टाकलेली दोन हजार पावलं यंत्राला सारखीच दिसतात. (ज्याचा एवढा बोलबाला आहे तो दहा हजार पावलांचा आकडा तर 1965 च्या सुमारास जपानमध्ये विक्रीला आलेल्या एका पाऊल-मोजणी यंत्राच्या नावातून आला. तो इथे कुणाला सांगू नये.)

मावशी : बरं, पावलं मोजलीस. डोक्यावरची मोळी कुठे मोजलीस?

भाची : नाही मोजत. ओझं त्याला कळत नाही. चढही नीट कळत नाही.

मावशी : आवणीत बाई गुडघाभर चिखलात दिवसभर वाकून उभी असते. पाऊलभर मागे सरकते, रोप खोचते, पुन्हा पाऊलभर मागे. कमरेला बांधलेलं तुझं यंत्र म्हणणार, बाई जागची हलली नाही.

भाची : कमी धरेल, हो. हळू चालणाऱ्याची पावलंही ही यंत्रं गाळतात. ताशी तीन किलोमीटरच्या खाली चाल गेली की चूक वाढते, आणि आपले बरेचसे रुग्ण तसेच चालतात. पाय घासत.

मावशी : आणि बसणं? तुमच्याकडे बसणं म्हणजे खुर्ची. आमच्याकडे माणूस उकिडवा बसतो. चुलीपुढे, ओट्यावर, एसटीची वाट बघताना रस्त्याच्या कडेलासुद्धा. ते बसणं आणि सोफ्यावर रेलणं एकच?

भाची : एक नाही, आणि यावर काम झालंय. 2020 मध्ये टांझानियातल्या हाड्झा लोकांचा अभ्यास आला. शिकार करून, कंद खणून जगणारी माणसं. तीही दिवसाचे जवळजवळ दहा तास विसावतात, शहरातल्यांइतकीच. पण त्यातला बराच वेळ ती उकिडवी किंवा गुडघे टेकून बसतात, आणि त्या बसण्यात पायांचे स्नायू चालू राहतात. आमच्या व्याख्येत जागेपणी बसून किंवा पडून, निवांत बसल्या जागी खर्च होते त्याच्या दीडपटीपर्यंतच शक्ती खर्च होत असेल, तर ते बैठं वागणं. ती व्याख्या लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर खुर्चीच होती, हे मला मान्य आहे.

मावशी : मग ती उठ-बस चाचणी. मागे दाखवलीस ना मला, खुर्चीवरून उठायचं, बसायचं, तीस सेकंदांत किती वेळा ते मोजायचं. पाड्यावर खुर्ची शाळेत नाहीतर ग्रामपंचायतीत. ज्याने जन्मात जेवायला खुर्ची वापरली नाही त्याला खुर्चीवर तपासून काय कळणार? जमिनीवरून हाताचा आधार न घेता उठता येतं का, ते बघ. परसाकडला बसून उठता येतं का, ते विचार. ज्या दिवशी ते येईनासं होतं, त्या दिवशी माणूस घाबरतो.

भाची : ते घेते. जमिनीवर बसून उठण्याची चाचणी ब्राझीलमध्ये बनलेली आहे, गुणांसकट. डायलिसिसवाल्यांसाठी ती बनवलेली नाही, पण इथे तीच जास्त शोभेल.

इथवर मावशीची सरशी आहे असं वाचणाऱ्याला वाटेल. मलाही लिहिताना वाटत होतं. पण भाची ज्या गोष्टीसाठी यंत्र मागते आहे ती अजून आलेली नाही.

भाची : आता मी विचारते. यंत्र नको, तर विचारायचं कसं? 'व्यायाम करता का?'

मावशी : 'नाय' म्हणतील.

भाची : सगळेच म्हणतील. अमेरिकेतल्या 2003 च्या अभ्यासात जवळपास तसंच विचारलं होतं, फावल्या वेळातल्या हालचालीबद्दल. इथे फावला वेळ म्हणजे काय इथपासून सुरुवात करावी लागेल. जागतिक आरोग्य संघटनेची प्रश्नावली काम, येणं-जाणं आणि करमणूक असे तीन भाग करते. तीच घेऊन आयसीएमआरच्या 2014 मध्ये आलेल्या अहवालात तमिळनाडू, महाराष्ट्र, झारखंड आणि चंदीगडमधली माणसं तपासली. 54 टक्के निष्क्रिय निघाली, खेड्यांतसुद्धा निम्मी. पण ती धडधाकट माणसांची प्रश्नावली. सलग दहा मिनिटं दम लागेल असं काम करता का, असं ती विचारते. आपला रुग्ण सगळ्यालाच नाही म्हणणार आणि कागदावर शून्य येणार. ओट्यापर्यंत येणारा आणि अंथरुणातून न उठणारा, दोघांनाही शून्य! मला त्या दोघांमधला फरक हवाय. जोहान्सेन यांनी म्हणूनच पुढे अगदी खालच्या पातळीवरची हालचाल धरणारी वेगळी प्रश्नावली केली.

मावशी : घरच्यांना विचार.

भाची : घरचे म्हणतात, 'बरा असतो, फिरतो.' बरं नाही म्हटलं तर आम्ही रागावू असं त्यांना वाटतं. काही ठिकाणी तर उलटंच. सून म्हणते पडूनच असतात, आणि म्हातारा भल्या पहाटे ताडाखाली जाऊन बसलेला असतो. माणूस खोटं बोलतो असं मी म्हणत नाही. आठवड्याचा हिशेब कुणालाच तोंडपाठ नसतो.

मावशी : मग बांध पट्टा. पण कुठे बांधणार ते सांग. म्हातारी गुडघ्यापर्यंत लुगडं कसून नेसते, कमरेला आधीच गाठ असते. त्यावर तुझा पट्टा सरकणार. आतून बांधला तर घामाने खाज सुटणार, आणि डायलिसिसच्या माणसाला आधीच खाज असते. रात्री काढला की खुंटीला. सकाळी आठवण राहिली तर बांधायचा.

भाची : खुंटीला टांगला तर मला कळतं. साठ मिनिटं सलग शून्य आलं की प्रणाली धरून चालते, पट्टा अंगावर नव्हता. ते तास ती हिशेबातून काढून टाकते.

मावशी : साठ मिनिटं शून्य? अगं, डायलिसिस चालू असताना हात सरळ ठेवून पडलेला माणूस चार तास हलतो का?

भाची : नाही.

मावशी : आणि दुसऱ्या दिवशी अंगात पाणी चढलेलं, धाप लागलेली, भिंतीला टेकून डोळे मिटून बसलेला?

भाची : ... तोही शून्य.

मावशी : म्हणजे ज्याची हालत सगळ्यात वाईट, त्याचेच तास तू पुसणार.

हा या सगळ्या विषयातला अवघड सांधा आहे, म्हणून थोडं थांबतो. हालचाल मोजणारं यंत्र 'न हलणं' मोजत नाही. ते हलणं मोजतं, आणि जिथे हलणं सापडत नाही ती जागा आपण 'बैठी' म्हणून भरतो. कमरेच्या यंत्रावर मिनिटाला शंभराच्या खाली नोंदी आल्या की ते मिनिट बैठं, असा सर्रास वापरला जाणारा नियम आहे. पण पूर्ण शून्य लांबलं की नियम बदलतो आणि ते मिनिट मिनिटच राहत नाही. निरोगी माणसासाठी हे योग्य आहे, जागा असताना तो तासभर दगडासारखा बसत नाही. डायलिसिसचा रुग्ण बसतो. त्याला तेच नियम लावले तर त्याचा दिवस आहे त्याहून हालता-बोलता दिसतो, किंवा दहा तास भरले नाहीत म्हणून तो दिवसच बाद होतो, आणि चारपेक्षा कमी दिवस उरले तर तो माणूसच अभ्यासातून बाहेर. उरतात ते त्यातल्या त्यात चालते-फिरते. उपाय आहेत. शून्याची मुदत साठऐवजी नव्वद मिनिटं किंवा त्याहून जास्त धरता येते. डायलिसिसच्या वेळा केंद्राच्या नोंदीतून घेऊन ते तास हाताने भरता येतात. पट्टा कधी काढला याची घरात खूण करून ठेवता येते. पण हे उपाय योजायचं सुचायला आधी कुणीतरी मावशीसारखा प्रश्न विचारावा लागतो.

भाची : कॅलेंडर देते प्रत्येक घरी. काढला की रेघ, बांधला की रेघ. शाळेतलं पोर असेल तर ते करील.

मावशी : पोरं करतील. वारली पोरांना रेघा मारायला शिकवावं लागत नाही. आता दुसरं ऐक. समज, तुझा पट्टा नीट चालला. एक बाई, एक बाप्या, दोघं डायलिसिसवर, वय सारखं. बाप्या घरी आला की आडवा होतो. बाई घरी आली की चुलीशी जाते. तांदळाच्या भाकरी थापते, पाणी भरते. ज्या हाताला फिस्टुला, म्हणजे सुया लावायला जोडून ठेवलेली रक्तवाहिनी, त्या हाताने वजन उचलू नको म्हणून बजावलेलं असतं, तरी हंडा उचलते. तुझं यंत्र म्हणणार, बाई बरी आहे, बाप्याला चालव.

भाची : आकडा तसाच येईल.

मावशी : मग बाई बरी आहे का?

भाची : नसेल. पण तिचे स्नायू कदाचित त्याच्यापेक्षा टिकतील.

मावशी : टिकतील तोवर टिकतील. तिचं हिमोग्लोबिन सात आणि ती चुलीशी उभी, हे तुझ्या वहीत 'सक्रिय' म्हणून जाणार. मला ते बघवत नाही. हलणं नेहमी तब्येतीचं लक्षण नसतं, बाय. कधी नुसती सक्ती असते.

भाची : म्हणूनच हालचालीच्या आकड्याशेजारी हिमोग्लोबिन ठेवायचं, रक्तदाब ठेवायचा, दोन डायलिसिसमध्ये किती किलो पाणी चढलं ते ठेवायचं. आणि त्या बाईला तुझाच प्रश्न विचारायचा, हे काम करायला दुसरं कुणी आहे का? पण मावशी, तू बाप्याला फार लवकर सोडलंस. तो आडवा का होतो? थकवा आहे, मान्य. शिवाय दवाखान्यातून निघताना प्रत्येक जण त्याला सांगतो, 'आराम करा.' घरचे उठू देत नाहीत. फिस्टुला फुटेल म्हणून तो हात उचलत नाही. दोन वर्षांत मांड्या वाळतात, मग खरंच उठवत नाही. तेव्हा सगळे म्हणतात किडनीने खाल्लं. काही किडनीने खाल्लं, काही आरामाने. किती कशाने, ते आपण कधी वेगळं करूनच बघितलं नाही.

मावशी : त्यातलं काही बोटीनेही खाल्लं.

भाची : बोटीने?

मावशी : आपल्याकडची किती पोरं खलाशी म्हणून वेरावळ, पोरबंदर, ओख्याला जातात. पावसाळा संपला की निघतात, मेपर्यंत बोटीवर. तिशीतल्या तशा पोराला डायलिसिस लागलं. आठवड्यातून दोनदा खाट, म्हणजे बोट गेली. बोट गेली म्हणजे काम गेलं. घोलवडच्या चिकूच्या वाडीत तोडणीला जाईल म्हणावं तर आठवड्यातले दोन दिवस गैरहजर, शिवाय झाडावर चढायची भीती. मुकादम ठेवत नाही. तो पोरगा घरात बसलाय. तुझ्या यंत्रात तो 'निष्क्रिय', कारण आजार. मी म्हणते, कारण बेकारी. त्याला चालण्याचा व्यायाम सांगून तू काय करणार? काम दे, आपोआप चालेल.

भाची : काम मी कुठून देणार?

मावशी : तेच तर म्हणते. तुम्ही मोजता ते, ज्यावर तुमच्याकडे औषध आहे. ज्यावर नाही ते मोजतच नाही.

भाची : मग ते मोजू. हालचाल सुटली ती कधी सुटली आणि काय सुटलं, याची यादी. बोट, मोळी, आवणी, बाजार, लग्नाला जाणं, तारप्याच्या नाचात उतरणं. प्रत्येकासमोर कारण. दम, भीती, पैसे, घरच्यांनी नको म्हटलं, मालकाने ठेवलं नाही. पट्ट्याचा आकडा आणि ही यादी एकाच पानावर.

मावशी : पट्ट्याशिवाय नुसती यादी केलीस तर?

भाची : तर तिला कोण विचारील? मावशी, तुला मोजणं म्हणजे वरून कुणीतरी येऊन नोंद करून जाणं वाटतं.

मावशी : वाटणारच. इथल्या माणसांचं वरच्यांनी काय काय मोजून नेलंय.

भाची : पण इथल्या माणसांनीही माप मागितलंय. 1945 मध्ये किसान सभेचे गोदावरीबाई आणि शामराव परुळेकर आले, तलासरीतल्या झरीला वारल्यांनी वेठबिगार नाकारायची शपथ घेतली, त्याच वर्षी गवतकापणीचा संप झाला. मागणी काय होती? पाचशे पौंड गवताला अडीच रुपये. 'आम्हाला जास्त द्या' असं मोघम नव्हतं. एवढं गवत, एवढे रुपये. जमीनदार जे मापच मानत नव्हते ते वारल्यांनी ठरवून पुढे ठेवलं, म्हणून भांडता आलं. मी डायलिसिस केंद्राला फिजिओथेरपिस्ट द्या म्हणून अर्ज केला आणि त्यात 'रुग्ण फार अशक्त आहेत' लिहिलं तर तो अर्ज फाइलला लागेल. 'मधल्या दिवसांत निम्म्यांची हजार पावलंही होत नाहीत' असं लिहिता आलं, आणि ते खरं असलं, तर उत्तर तरी द्यावं लागेल.

मावशी काही वेळ बोलली नाही, असं मी लिहितो, कारण मला यावर उत्तर सुचलं नाही. तलासरी-डहाणूत आकड्यावर अविश्वास ठेवायला सबळ कारणं आहेत. पण आकड्यावाचून मागणी मांडणाऱ्याला इथे काय मिळालं, तेही याच मातीत दिसतं.

मावशी : ठीक. मोजलंस. फिजिओथेरपिस्ट आला. तो करणार काय? खाटेला सायकलची पॅडलं लावणार?

भाची : ते करून झालंय. डायलिसिस चालू असतानाच पॅडल मारायचं. इंग्लंड-स्कॉटलंडकडे सहा महिने मोठ्या चाचणीत करून बघितलं, 2021 मध्ये निकाल आला. रुग्णांचं जगणं सुधारल्याचं काही त्यात दिसलं नाही. पण इटलीतली 2017 ची चाचणी बघ. घरीच, डायलिसिस नसलेल्या दिवशी, दहा-दहा मिनिटं दोनदा चालायचं. तेही नेहमीच्या चालीहून हळू, तालावर. सहा महिन्यांनी सहा मिनिटांत चालता येणारं अंतर 328 मीटरवरून 367 वर गेलं. न करणाऱ्यांचं होतं तिथेच राहिलं. यंत्र लागत नाही, जिम लागत नाही. अंगण पुरतं.

मावशी : चाळीस मीटर.

भाची : चाळीस मीटर. तुला कमी वाटतात?

मावशी : नाही. घरापासून बोअरिंगपर्यंत तेवढं असतं कित्येक ठिकाणी. पण कुणाला नाही सांगायचं ते आधी ठरव. धाप आहे, पायाला सूज आहे, पाणी चढलंय, त्याला नाही. डायलिसिस करून आल्या आल्या नाही, रक्तदाब पडून घेरी येईल. छातीत दुखतं म्हणणाऱ्याला नाही. सुकट-बोंबील खाऊन पाणी वाढवून घेणाऱ्याचं आधी जेवण बघ, मग चाल बघ. आणि चढावर नको. पाड्यांतली अंगणं सपाट असतात, बाहेरची वाट नसते.

भाची : लिहून घेते.

मावशी : आणि निकाल त्यांना सांगायचा. तू प्रबंध बांधून मुंबईला देशील आणि इथल्या माणसाला कळणारच नाही, त्याच्या कमरेला आठवडाभर काय बांधलं होतं.

भाची : खाटेशी बसून सांगेन. ते चार तास आहेतच.

मावशी : पहिले दोन तास सांग. शेवटच्या तासात गोळे येतात, कुणी ऐकत नाही.

एका गोष्टीवर मात्र त्यांचं जमलं नाही, आणि मलाही जमवता आलं नाही. अहवालाचं पहिलं पान कशाचं? भाची म्हणते पावलांचं, कारण विषय तोच आहे आणि मार्गदर्शक तेच बघणार. मावशी म्हणते गाडीभाडं, आठवड्यातल्या डायलिसिसची संख्या आणि हिमोग्लोबिन पहिल्या पानावर, पावलं दुसऱ्या. ज्याला तीनऐवजी दोनदाच डायलिसिस मिळतं त्याचं शरीर साफच होत नाही. त्याची पावलं आधी मोजणं म्हणजे उपाशी माणसाला तू बारीक का म्हणून विचारणं, असं तिचं म्हणणं. भाचीचं उत्तर असं की तिसरं डायलिसिस मिळेपर्यंत थांबलं तर मांड्या थांबणार नाहीत. माझा कल थोडा भाचीकडे आहे, पण मावशीचं पान छापलं जाईल या अटीवरच.

भाची : कधी सुरू करू? मला जुलैच्या आत नोंदी हव्यात.

मावशी : जुलैत आवणी. घरातला जो चालता माणूस तो शेतात, रुग्णाकडे बघायला कुणी नाही. पट्टा सुटला तर पुन्हा कोण बांधणार? पण तेव्हाच बांध. घरातले सगळे राबत असताना तो एकटा ओट्यावर बसलेला असतो, नाहीतर न राहवून बांधावर जाऊन उभा राहतो. ते तुला मार्चमध्ये दिसणार नाही. आणि मार्चमध्येही बांध, तेव्हा निम्मा पाडा वीटभट्टीवर गेलेला असतो आणि रुग्णाला डायलिसिसला न्यायलाच कुणी नसतं.

भाची : दोन्ही मोसम प्रबंधात बसणार नाहीत, मावशी. तेवढी मुदत नाही.

मावशी : मग एक तू कर. दुसरा तुझ्या मागून येणारी करील. पट्टे तोवर सांभाळून ठेव, आणि यादीचा कागद मराठीतच ठेव म्हणजे तिला पुन्हा पहिल्यापासून विचारावं लागणार नाही.